उसन्या वाटेवरची स्वारी



काश्मीरला जाऊन आलेल्या अनेकांनी गुलमर्गला स्नो स्कूटरवर बसून एक फेरी मारली असेल. पुढे चालक, मागे आपण, थोडा वेळ घरघर, अंगावर उडणारा बर्फ आणि घरी दाखवायला एक फोटो. आज मी बोलणार आहे ते वाहन हेच, म्हणजे स्नोमोबिल. पण जिथं ते जन्मलं आणि वाढलं, त्या कॅनडाच्या क्वेबेक आणि ऑन्टारियो प्रांतांत, अमेरिकेच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये त्याचा पसारा एका फेरीत मावणारा नाही. तिथं स्नोमोबिलसाठी वेगळ्या वाटा आहेत. त्यांना ट्रेल म्हणतात. एकट्या क्वेबेकमध्ये अशा ३०,००० किलोमीटरहून जास्त वाटा आहेत, ऑन्टारियोत साधारण तेवढ्याच, आणि विस्कॉन्सिनमध्ये सुमारे ४०,००० किलोमीटर. गावातून निघायचं, जंगल, शेतं, गोठलेली तळी ओलांडायची, दुसऱ्या गावात जेवायचं, तिसऱ्या गावात मुक्काम करायचा, आणि या सगळ्यात डांबरी रस्ता जेमतेम ओलांडण्यापुरता लागतो.

आणि या वाटा बर्फाच्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत उभ्या राहतात, वसंतात वितळून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

या वाहनाची सुरुवात हौसेतून झाली नाही, नडीतून झाली. क्वेबेकमधल्या व्हालकूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फाखाली बुडालेले, इस्पितळ लांब, आणि बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे बापाचे प्रयत्न अजून तडीला गेलेले नव्हते. पुढं त्यानं दात्यांचं चाक आणि रबरी पट्टा यांची जोडणी सिद्ध केली, १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं आणि सात माणसांची बंद गाडी विकायला काढली. डॉक्टरांनी ती घेतली, टपाल त्यातून जाऊ लागलं. विस्कॉन्सिनच्या सेनर गावात कार्ल इलायसन यानं तर त्याही आधी, १९२४ मध्ये, लाकडी घसरगाडीला मोटर जोडली होती. त्याला जंगलातून हिंडायचं होतं, आणि पायातल्या दोषामुळं बर्फातून चालणं अवघड होतं.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस क्वेबेक सरकारनं खेड्यापाड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, पण बोंबार्दिएच्या मोठ्या गाड्यांचं काम गेलं. त्यानं मग एकदोघांपुरतं छोटं, हलकं वाहन बनवलं. १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. त्या आधी मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिस कंपनीची यंत्रंही तयार होऊ लागली होती. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढं होते शिकारी, दुर्गम भागातले धर्मप्रचारक, खाणींचा शोध घेणारे. प्रत्यक्षात गाड्या घेतल्या त्या शनिवार-रविवारच्या मौजेसाठी, गावातल्या साध्या नोकरदार माणसांनी. १९७० च्या सुमारास तर शंभरावर कंपन्या स्नोमोबिल बनवत होत्या.

आता गंमत बघा. बंद रस्त्यांवर चालावं म्हणून जन्मलेलं हे वाहन. रस्ते उघडले, तेव्हा त्याला जायला रस्ताच उरला नाही. लोक मग वाट फुटेल तिकडं जाऊ लागले. शेतांची कुंपणं मोडली, बर्फाखाली झोपलेली हिवाळी गव्हाची पिकं तुडवली गेली, अपरात्री घराशेजारून इंजिनं घरघरत गेली. शेतकरी संतापले आणि त्यांचं चुकलं नाही. या भांडणातून जी तोड निघाली ती म्हणजे गावोगावचे स्नोमोबिल क्लब. क्लबांनी जमीनमालकांशी बोलायचं, एक ठरलेली वाट मागून घ्यायची आणि आपल्या लोकांना त्या वाटेवर ठेवायचं. क्वेबेकमध्ये या क्लबांचा महासंघ १९७४ मध्ये उभा राहिला. ऑन्टारियोतही असाच महासंघ आहे.

आपल्याकडं शेतातून जाणाऱ्या वहिवाटीचं भांडण किती पिढ्या चालतं, हे मी सांगायला नको. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आजही तहसील कचेरीत निघतो तो बहुतेकदा अडवलेल्या वाटेपायीच. क्वेबेक-ऑन्टारियोत मात्र हजारो जमीनमालक आपल्या शेतातून, रानातून अनोळखी माणसांना जाऊ देतात, आणि बहुधा एक पैसाही न घेता. कायदा त्यांना थोडं संरक्षण देतो, क्लब विमा उतरवतो. पण वाट ही परवानगी आहे, हक्क नाही. मालकाच्या मनात आलं तर तो ती काढून घेतो, आणि एका शेतानं नकार दिला की दोन गावांमधला दुवा तुटतो. क्लबातली जुनी माणसं सगळ्यांत जास्त घाबरतात ती थंडीला नाही, अपघातालाही नाही, तर ट्रेल सोडून शेतात घुसणाऱ्या चार उनाड स्वारांना. त्यांची मजा दोन मिनिटांची असते, पण वाट कायमची जाते.

ही वाट तयार कशी होते? काम पानगळीच्या दिवसांत सुरू होतं. स्वयंसेवक वाढलेल्या फांद्या छाटतात, ओढ्यांवरचे लाकडी पूल दुरुस्त करतात, पाट्या ठोकतात. पहिला बर्फ पडला की दलदलीच्या जागी तो दाबून घेतात. कारण बर्फाचा भुसभुशीत थर पांघरुणासारखा असतो, त्याखाली चिखल गोठतच नाही. थर दाबला की थंडी खाली उतरते आणि जमीन टणक होते. मग येतो ग्रूमर. पट्ट्यांवर चालणारा अवजड ट्रॅक्टर आणि त्यामागं ओढलेली पात्यांची लांब चौकट. ट्रेलवरून गाड्या धावल्या, विशेषतः वळणावर ब्रेक लागला आणि पुन्हा वेग घेतला, की बर्फावर उंचवटे तयार होतात. ग्रूमरची पाती ते उंचवटे कापतात, बर्फ घुसळतात आणि मागचा भाग तो दाबून सपाट करतो. हे काम माणसाच्या पळण्याच्या वेगानंच होतं, आणि शक्यतो रात्री. दिवसभराची ये-जा थांबलेली असते, तापमान उतरलेलं असतं, आणि घुसळलेल्या बर्फाचे कण एकमेकांना धरून बसायला काही तास मिळतात. नुकत्याच सपाट केलेल्या वाटेवरून लगेच गाडी नेली तर रात्रभराचं काम वाया. म्हणून ग्रूमर दिसला की जाणता स्वार वेग कमी करतो, बाजू देतो आणि जमेल तर त्याच्या मागून जात नाही.

या सगळ्याला डिझेल लागतं, यंत्रं लागतात. तो खर्च मुख्यतः ट्रेल परमिटमधून निघतो. क्वेबेक आणि ऑन्टारियोत परमिटशिवाय क्लबच्या वाटेवर जाता येत नाही, आणि माझ्या मते ते अगदी रास्त आहे.

आता नकाशा. पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला छापील नकाशा मिळायचा. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचा. तो अजूनही मिळतो आणि अजूनही हवाच. पण छापील नकाशा वाट कुठं आहे ते सांगतो, ती आज आहे का ते सांगत नाही. बर्फाच्या वाटेबद्दल हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ऑन्टारियोच्या महासंघाच्या संगणकीय नकाशावर प्रत्येक तुकड्याला रंग असतो. हिरवा म्हणजे खुला, पिवळा म्हणजे मर्यादित, जपून जा, आणि लाल म्हणजे बंद. क्लबची माणसं स्वतः पाहून तो रंग बदलतात. लाल वाट कागदावर रेघ म्हणून दिसली तरी त्या दिवशी ती वाट नसतेच. तिथं पाय ठेवणं म्हणजे कोणाच्या तरी जमिनीवर विनापरवाना शिरणं. २०२३-२४ चा हिवाळा या भागात इतका उबदार गेला, की मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या पुष्कळ वाटा जेमतेम उघडल्या, काही उघडल्याच नाहीत. अशा वर्षी नकाशा पाहून घरी बसणं हाही या छंदाचा भाग असतो.

नकाशावर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. एक, चौकांचे क्रमांक. ट्रेल जिथं एकमेकांना मिळतात तिथं खांबावर नंबर असतो. जंगलात कुणाला मार लागला तर “एका मोठ्या झाडाजवळ आहोत” असं सांगून मदत येत नाही. अमुक चौकाच्या उत्तरेला, असं सांगावं लागतं. दुसरी, पेट्रोल. एका टाकीत साधारण दीडदोनशे किलोमीटर जाता येतं, खोल बर्फात त्याहून कमी. पुढचा पंप कुठं, हे निघण्याआधी ठरलेलं हवं. फोनवर सगळं दिसतं खरं, पण कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते आणि रानात सिग्नल नसतो. म्हणून कागद खिशात असावा.

सगळ्यांत जपायचं ते तळ्यावर. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो, की नव्या, स्वच्छ, टणक बर्फाची जाडी स्नोमोबिलसाठी किमान ५ ते ७ इंच हवी. पांढुरका, हवा अडकलेला बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरावा. नदीचा प्रवाह, झऱ्याचं तोंड, पुलाखालची जागा, इथं बर्फ फसवतो. म्हणूनच तळ्यावरही क्लब खुंट्या रोवून वाट आखतो. खुंट्यांच्या बाहेर जाण्यात पराक्रम काहीच नाही. गळ्यात लोखंडी अणकुचीदार मुठींची जोडी अडकवलेली असावी. पाण्यात पडलंच तर ती बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढता येतं.

आता गाडी, म्हणजे स्वारांच्या भाषेत स्लेड. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, मध्ये इंजिन. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत जाते ती दोन क्लच आणि त्यांच्यामधला एक रबरी बेल्ट यांच्यामधून. हा बेल्ट सगळ्यांत आधी दगा देतो. थंडगार बेल्टवर एकदम जोर दिला की तो तापतो, झिजतो, तुटतो. म्हणून सकाळी इंजिन थोडं गरम होऊ द्यायचं, स्लेडचा मागचा भाग उचलून रात्रभरात बर्फाला चिकटलेला पट्टा मोकळा करायचा आणि पहिले काही किलोमीटर सबुरीनं जायचं. जादा बेल्ट नेहमी बरोबर असावा आणि तो बदलायचा कसा, हे घरी ऊबेत शिकून घ्यावं. उणे वीस तापमानात, हातमोजे काढून, ते पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

या यंत्राची एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बर्फ ही त्याची फक्त वाट नाही, तर त्याचं वंगण आणि गारवाही आहे. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना ओलावा देतो तो बर्फ. इंजिनाचं गरम पाणी ज्या नळ्यांतून फिरतं त्या नळ्या गार करतो तोही पट्ट्यानं उडवलेला बर्फच. ट्रेल काचेसारखी टणक झाली, बर्फ उडेना, की प्लॅस्टिक वितळायला लागतं आणि तापमानाचा दिवा लागतो. त्यासाठी स्कीच्या मागं किंवा पट्ट्याच्या बाजूला ओरखडे काढणारे स्प्रिंगसारखे दांडे लावतात. ते कठीण बर्फ खरवडून आत उडवतात. स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा बोथट झाल्या तर वळणावर गाडी सरळच जाते, तेव्हा त्या वेळेत बदलायच्या.

हंगाम संपला की स्लेड तशीच गोदामात लोटायची नाही. ट्रेलरवरून येताना रस्त्यावरचं मीठ बसलेलं असतं, ते धुऊन काढायचं. ग्रीस भरायचं. पेट्रोलमध्ये ते टिकवणारं रसायन घालायचं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात आतून तेलाचा फवारा मारायचा, म्हणजे उन्हाळ्यात गंज चढत नाही. बेल्ट काढून ठेवायचा, मागचा भाग उचलून पट्ट्यावरचा भार कमी करायचा. हवेची आणि धुराची तोंडं बंद करायची, कारण उंदरांना घरटं करायला ती जागा फार आवडते. आणि हिवाळ्यात पहिल्यांदा सुरू करण्याआधी ती तोंडं आठवणीनं उघडायची.

ट्रेलवर वागण्याचे नियमही साधे आहेत. उजवीकडून जा. ऑन्टारियोत ट्रेलवरची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, क्वेबेकमध्ये साधारणपणे ७०. हेल्मेट दोन्हीकडं सक्तीचं. हॅंडलबारवरची दारू आणि गाडीच्या स्टिअरिंगवरची दारू यांत कायदा फरक करत नाही. स्लेडवर पकडलं गेलं तरी मोटारीचा परवाना जातो. घरांजवळ वेग आणि आवाज कमी करा. अशा गोष्टी पाटीवर लिहिलेल्या असतात, पण वाट टिकते ती त्या पाळल्यामुळं.

टोरांटो, मिनीॲपोलिस, मॉन्ट्रियल या शहरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. तिथली मुलं-नातवंडं या खेळाकडं वळत असतील, किंवा तुम्हीच एखाद्या हिवाळ्यात त्यांच्याकडं जाल आणि भाड्यानं स्लेड घ्याल. जरूर घ्या. पण आधी परमिट घ्या, त्या दिवसाचा नकाशा बघा, गाडी तपासा, आणि काही झालं तरी आखलेली वाट सोडू नका. ती वाट कुणीतरी रात्री जागून केलेली असते, आणि जमीन कुणीतरी विश्वासानं दिलेली असते.