परदेशांतील पायवाटा आणि लोणारचें विवर

आगगाडीच्या किंवा मोटारीच्या खिडकींतून डोंगर दिसतो; परंतु त्याची चढण, त्याचा दगड, त्याचें पाणी आणि त्याचा वारा यांची ओळख पायीं चालणाऱ्यासच होते. पैनगंगेच्या कांठच्या मेहकरांतील एखादा तरुण शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातो, आणि सुटींत पाठीवर पिशवी टाकून तेथील राष्ट्रीय उद्यानांत शिरतो, तेव्हां दोन गोष्टी त्याच्या नजरेंत भरतात. एक तेथील सृष्टीची भव्यता, आणि दुसरी ती टिकविण्यासाठीं चालणाऱ्यावर घातलेलीं बंधनें. पहिलीचीं वर्णनें पुष्कळ होतात. दुसरीचा विचार क्वचितच होतो.

राष्ट्रीय उद्यानाची कल्पना तशी अर्वाचीन आहे. अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोनचा प्रदेश कायद्यानें राखून ठेवण्यांत आला. स्वित्झर्लंडनें १९१४ सालीं आल्प्स पर्वतांत असेंच एक उद्यान स्थापिलें. तेथें आंखलेली वाट सोडून बाजूला जाण्याची मनाई आहे. फूल तोडणें, दगड उचलणें, कुत्रा बरोबर नेणें, राहुटी ठोकणें, हें सारें वर्ज्य. नवख्याला हा जाच वाटतो. पण उंचावरील माती पातळ असते आणि उन्हाळा थोडका असतो. पायाखालीं चिरडलेलें रोप पुन्हां उभें राहण्यास तेथें वर्षें लागतात. नियमाचें मूळ असें जमिनींतच असतें, हें कळलें म्हणजे जाच वाटेनासा होतो.

चालणाऱ्यानें स्वतःचीही काळजी घ्यावी लागते. आल्प्समध्यें उन्हाळ्यांत दुपारनंतर वादळें उठतात. म्हणून जाणता प्रवासी पहांटेस निघतो. खडकांवर रंगविलेल्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची खूण तो नजरेआड होऊं देत नाहीं. आकाश निरभ्र असलें तरी गरम कपडा जवळ बाळगतो, आणि कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार, हें मुक्कामाच्या ठिकाणीं सांगून ठेवतो. अर्ध्या वाटेवरून माघारी फिरण्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं.

मेहकरच्या माणसास विशेष जवळचें वाटावें असें एक उद्यान कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत, अगदीं उत्तरेस आहे. त्याचें नांव पिंगुआलुइट. सुमारें १४ लक्ष वर्षांपूर्वीं तेथें अशनिपात होऊन जवळजवळ साडेतीन किलोमीटर रुंदीचें वर्तुळाकार विवर पडलें. त्यांतील तळें केवळ पावसाच्या व बर्फाच्या पाण्यावर भरतें, आणि तें पाणी कमालीचें निर्मळ आहे. हा प्रदेश २००४ सालीं राखीव करण्यांत आला. तेथवर मोटाररस्ता नाहीं. वृक्षहीन खडकाळ माळावरून चालत विवराच्या कांठावर पोंचण्यासाठीं लोक दूरदूरच्या देशांतून येतात.

आणि मेहकरपासून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरांवर लोणार आहे. तेथील विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून काळ्या बसाल्ट खडकांत पडलेलें आहे. अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें १८२३ सालीं त्याची नोंद केली. पुढें दीर्घकाळ तें ज्वालामुखीचें मुख समजलें जाई. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर तें अशनिपातानेंच झालें, हें मत दृढ झालें. त्याचें वय एका मापनाप्रमाणें सुमारें ५० हजार, तर दुसऱ्याप्रमाणें पांच लक्षांहून अधिक वर्षें भरतें. लोणार गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर, कड्यावरील गोमुखाची धार, आणि झाडींतून खालीं उतरल्यावर तळ्याकांठचें कमळजादेवीचें देऊळ, एवढी वाट पायीं केली म्हणजे पुराण आणि भूशास्त्र दोन्हीं एकाच फेरींत भेटतात.

तळ्याचें पाणी खारें व सोड्यासारखें क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें. लवणांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें हा रंग आला, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें. हा परिसर २००० सालीं अभयारण्य ठरला, आणि २०२० सालीं रामसर करारांतील पाणथळींत त्याची गणना झाली. तरीही गांवाच्या सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, आणि वेडी बाभूळ उतारावर पसरली. मोठे प्रश्न सरकारनें व न्यायालयानें सोडवावयाचे. पण प्लास्टिकची पिशवी खालीं टाकणारा हात सरकारचा नसतो.

परदेशांत जो तरुण बिस्किटाचा कागदही खिशांत घालून परत आणतो, त्यानें सुटींत मेहकरला आल्यावर धाकट्या भावंडांना घेऊन लोणारला जावें, आणि तेथेंही तसेंच चालावें. ठरलेली पायवाट सोडूं नये. काळा दगड आठवण म्हणून उचलूं नये. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, उन्हाच्या आंत वर यावें, आणि नेलेलें सारें परत आणावें. भावंडांनीं कारण विचारलें तर तळ्याकडे बोट दाखवावें. चहूंकडून पाणी त्यांत उतरतें. बाहेर जाण्यास त्याला वाट नाहीं. नदी घाण वाहून नेते, म्हणून माणसें निर्धास्त होतात; या तळ्यांत मात्र जें पडलें तें तेथेंच राहतें.