जमिनीतले पाणी ऐकणारे यंत्र



आमच्या चुलत्यांची थोडी जमीन आणे पठारावर आहे. एका उन्हाळ्यात त्यांनी तिथे बोअर घेतले. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, खूण झाली, गाडी रात्रभर घरघरली. वर आली ती नुसती धूळ. बैलजोडीचे पैसे गेले. पुढल्या साली एक गृहस्थ हातात पेटी घेऊन आले. म्हणाले, "हे यंत्र थेट पाणीच दाखवते." काकांनी मला विचारले, "तू शिकवतोस ना कॉलेजात? मग सांग, असे यंत्र असते का रे?"

असते. पण ते पेटीत मावत नाही.

पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक इवलेसे लोहचुंबकच. पृथ्वीच्या चुंबकत्वात ते भोवऱ्यासारखे डुलते. आपल्या भागात सेकंदाला सुमारे १८०० वेळा. आता शेतात तारेचे मोठे वेटोळे पसरायचे, एकेक बाजू पन्नास ते शंभर मीटरची. त्यातून नेमक्या त्याच ठेक्याची वीज क्षणभर सोडायची. झोपाळ्याला ठेक्यात धक्का दिला की तो उंच जातो ना, तशी ही केंद्रे हलतात. वीज थांबवली की ती परत जागेवर येतात आणि येता येता अगदी क्षीण हाक देतात. तेच वेटोळे ती ऐकते. हाक मोठी, तर पाणी जास्त. हाक झटकन विरली, तर पाणी बारीक फटींत अडकलेले. चिकणमातीत घट्ट धरलेल्या पाण्याची हाक तर ऐकूही येत नाही, आणि ते बरेच आहे, कारण ते पाणी विहिरीत उतरतच नाही.

लोखंडी सळया रोवून विजेचा रोध मोजण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. ती दगडाची माहिती देते, पाण्याचा आपण अंदाज बांधतो. ओली चिकणमाती आणि पाणी धरलेला मुरूम तिला कधीकधी सारखेच वाटतात.

या नव्या रीतीचे मूळ शास्त्र १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी मांडले, इस्पितळातले एम.आर.आय. त्यातलेच. जमिनीतल्या पाण्यासाठी पहिले चालते यंत्र रशियात नोव्होसिबिर्स्क येथे तयार झाले. हैदराबादच्या आसपासच्या ग्रॅनाइट खडकात फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांनी ही रीत वापरून पाहिली आहे.

मग जुन्नर-आंबेगावला का नको? अडचण आपल्या पायाखालीच आहे. आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकी. त्यामुळे हातभर अंतरावर ठेका बदलतो, आणि हाक ऐकू येण्याआधीच विस्कटते. दुसरी अडचण विजेच्या तारांची. त्यांची गुणगुण ५० च्या पटीत असते, आणि १८०० म्हणजे बरोबर ५० ची छत्तीसपट! मोटारी चालू असताना हे मोजमाप करणे म्हणजे बँडबाजात कानगोष्ट ऐकणे. भारनियमनाचा एवढा एकच उपयोग मला ठाऊक आहे. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांनाही अशीच शांतता लागते. त्याही दूर आकाशातल्या हायड्रोजनची कुजबुज टिपतात, फक्त रीत निराळी.

काकांनी त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "तुमची शंभर मीटरची तार कुठे आहे?" पेटी मोटारसायकलवर परत चढली.

तेव्हा बोअरला हात घालण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला गाठा. शेजारच्या विहिरींत काळा पाषाण किती हातांवर लागला, मांजऱ्या किती, झरा कोणत्या थरातून फुटला, हे त्यांना सांगा. सळयांच्या मोजमापाला या माहितीची जोड मिळाली की अंदाज पुष्कळ सुधारतो. आणि गुरुजी, लोणी-धामणीकडच्या काय किंवा भीमाशंकरच्या डोंगरातल्या काय, शाळेतल्या मुलांकडून गावच्या विहिरींचे पाणी दिवाळीनंतर एकदा आणि अक्षय्य तृतीयेला एकदा मोजून घ्या. काठाशी मुलांना एकटे सोडू नका. दोरीला दगड बांधायचा, हातहातावर गाठी मारायच्या, आकडा वहीत तारखेसह लिहायचा. पाच वर्षांची अशी वही भूवैज्ञानिकापुढे ठेवलीत, तर तो तुम्हाला आधी बसायला खुर्ची देईल.