श्राविकेचे कपाट आणि परिग्रहपरिमाण



परिग्रहपरिमाण व्रताचा विषय निघाला की चर्चा शेती, सोने, घरे आणि ठेवी यांच्याभोवतीच फिरते. कपड्यांचे कपाट त्या हिशेबातून अलगद सुटते. वास्तविक तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या अणुव्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धन, धान्य यांच्या पंक्तीत ‘कुप्य’ हा शब्द आला आहे आणि आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ देताना सुती व रेशमी वस्त्रांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अन्न हे भोगाचे व वस्त्र हे उपभोगाचे उदाहरण आहे. अन्न एकदाच उपयोगी पडते, वस्त्र पुनःपुन्हा. जी साडी घेतल्यापासून एकदाच नेसली गेली, ती या व्याख्येत तरी कशी बसावी?

त्याच ग्रंथात आजन्म त्यागाला यम आणि मुदतीच्या त्यागाला नियम म्हटले आहे. दिवस, पक्ष, मास, ऋतू, अयन अशा मुदतीही दिल्या आहेत. तेव्हा आरंभी एका ऋतूपुरता आकडा ठरवावा, हे उत्तम.

आर्यिका माताजी दोन पांढऱ्या साड्यांवर वर्षानुवर्षे विहार करतात. गृहिणीकडून तेवढी अपेक्षा नाही. तिने आपला आकडा धुण्या-वाळण्यावरून ठरवावा. चातुर्मासात जाड सुती साडी लवकर वाळत नाही आणि दमट घडीला बुरशी धरली की तीही जीवोत्पत्तीच होय. नोकरी करणाऱ्या भगिनीला रोजच्या वापरासाठी सहा-सात साड्या किंवा पंजाबी ड्रेस, मंदिरासाठी वेगळे ठेवलेले दोन सुती जोड, समारंभाच्या दोन-तीन साड्या, एक स्वेटर व एक शाल एवढ्यात वर्ष निभावते. ही संख्या शास्त्रातली नव्हे, व्यवहारातली आहे. घरोघरी ती थोडी बदलेल.

खरा पसारा साडीचा नसून तिच्यामागून येणाऱ्या गोष्टींचा असतो. एक साडी घेतली की तिच्या रंगाचा ब्लाऊज, परकर आणि फॉल आलाच. जुन्या पिढीतील स्त्रिया या बाबतीत अधिक शहाण्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रात इरकली लुगड्यावर खणाची चोळी असे आणि एकच चोळी अनेक लुगड्यांवर खपून जाई. आजही काळा, पांढरा आणि मरून असे तीन सुती ब्लाऊज शिवून घेतले व त्यांवर जाणाऱ्याच साड्या निवडल्या, तर निम्मी खरेदी आपोआप थांबते.

रेशमाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पतंग कोश फोडून बाहेर पडला की धागा तुटतो. म्हणून शेकडो मीटरचा तो अखंड धागा मिळविण्यासाठी कोश आतील जीवासह वाफवले किंवा उकळले जातात. एका साडीमागे असे हजारो जीव जातात. असे असता पूजेसाठी रेशीम ‘सोवळे’ मानण्याची शेजारधर्मातील रीत आपल्याही काही घरांत शिरली आहे, हे नवलच! दुकानात ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यात किडा नसतो. शंका आल्यास पदराचे दोन-तीन धागे जाळून पाहावेत. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली तर ते खरे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 मध्ये ‘सिल्क मार्क’ ही शुद्ध रेशमाची खूण सुरू केली. इतर ग्राहक ती पाहून खरेदी करतात. श्राविकेने ती पाहून साडी परत घडी करून ठेवावी.

आता थोडे अप्रिय. पंचकल्याणक असो वा सिद्धचक्र विधान, महिला मंडळांत सर्वांनी एकाच रंगाची नवी साडी घेण्याचा ठराव होतो. शोभायात्रा सुंदर दिसते, यात शंका नाही. पण ज्या घरात मुलांची फी थकलेली आहे, तेथील भगिनी ‘बरे वाटत नाही’ असे सांगून त्या दिवशी घरी राहते. कोणी तिला अडवलेले नसते, तरी ती आलेली नसते. मंडळांनी रंग ठरवायचाच असेल तर जो प्रत्येकीच्या कपाटात आधीच आहे, असा ठरवावा. पांढरी वा केशरी साडी, जुनी असली तरी चालेल, हे निमंत्रणातच छापावे. लग्नाच्या बस्त्यालाही हाच न्याय लावता येईल, मात्र तेथे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी पुढाकार घ्यायला हवा.

साठवणीचाही विचार हवा. कसर लागते ती मुख्यत्वे लोकरीला व रेशमाला. मग डांबराच्या गोळ्या टाकून ते जीव मारावे लागतात. स्वच्छ, कोरडे सुती कपडे अधूनमधून उन्हात घातले की ही वेळ सहसा येत नाही. नियमाबाहेरचे कपडे फाटण्याआधी, धुऊन, इस्त्री करून द्यावेत. विरलेल्या सुती साड्या पाणी गाळण्याच्या गाळण्यासाठी घेऊ नयेत. त्याला जाड, न वापरलेले कापड दुहेरी करूनच लागते. त्यांची वाकळ मात्र उत्तम होते, आणि चार साड्यांत एक सहज शिवून निघते.