अटकेची पहिली रात्र

(पुण्याच्या कसबा पेठेत बौद्ध कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण)



आज मी आपणांपुढे फौजदारी कायद्यावर बोलणार आहे. या कायद्याचे नाव निघाले की आपल्या घरात माणसे आवाज खाली करून बोलू लागतात. म्हणूनच तो मोठ्याने बोलण्याचा विषय आहे.

एकदा मजकडे एक माता आली. तिच्या मुलाला पोलिसांनी नेल्याला तिसरा दिवस होता. अद्याप वकील का दिला नाहीत, असे मी विचारले. ती म्हणाली, "दादा, माझ्या पोरानं काही केलंच नाही, तर त्याला वकील कशाला? वकील चोराला लागतो."

या मातेची श्रद्धा थोर होती, पण तिने मुलाचे तीन दिवस घालविले. अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते, हे खरे. परंतु पुढे आलेला पुरावा तपासून घेणारा, साक्षीदाराची उलटतपासणी करणारा कोणी आरोपीच्या बाजूने उभा नसेल, तर निर्दोष मनुष्याचे मौन त्याच्याच अंगावर येते. आपल्या महाराष्ट्रातील एका खटल्याचे उदाहरण घ्या. २००३ सालच्या दरोडा व खुनाच्या एका प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा गरीब माणसांना फाशीची शिक्षा झाली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठोठावली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चार व्यक्ती ओळखल्या होत्या, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! पाच लाखांत आयुष्याच्या सोळा वर्षांचे मोल होते काय, याचा विचार आपणच करा.

तेव्हा घरातील माणसाला नेले, तर त्या पहिल्या रात्री काय मागावयाचे ते सांगतो. अटक कोणत्या कारणास्तव झाली, हे कळविणे पोलिसांस बंधनकारक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ चा तो आदेश आहे. ही कारणे लेखी आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ठरविले आहे. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावी. पण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास तरी कागद हाती पडला पाहिजे. यास्तव मराठीत लिहिलेला कागद मागा. त्याचप्रमाणे अटकेची वार्ता नातलगास वा मित्रास कळविली पाहिजे, वकिलाची भेट होऊ दिली पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि तिचा अहवाल मिळाला पाहिजे. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद केल्यास महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

चोवीस तासांच्या आत आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणलेच पाहिजे. त्यातून केवळ प्रवासाचा वेळ वगळतात. कसबा पेठेतून शिवाजीनगरचे न्यायालय नदीपलीकडेच आहे. येथे प्रवासाची सबब कोण ऐकणार? न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहिल्यावर मारहाण झाली असल्यास तेथेच, त्याच क्षणी सांगावे. आपली मुले तेथे मान खाली घालून उभी राहतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा मात्र कदापि देऊ नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. परंतु त्या जबानीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. म्हणून "कबूल कर, सोडून देतो" या वचनावर विसंबू नये.

वकिलासाठी पैसा कोठून आणावा, असे आपण म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमान्वये अनुसूचित जातींच्या व्यक्तीस, स्त्रीला, बालकास आणि कोठडीत असलेल्या कोणासही विनामूल्य वकील मिळतो. तेथे उत्पन्नाची अट नाही. बौद्ध झालो म्हणून हा हक्क गेला, अशी भीती काही घरांत आढळते. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा यादीत समावेश झालेला आहे. शिवाय कोठडीतील माणसाला त्याची जात विचारण्याचे कारणच उरत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारातच आहे. दूरध्वनी १५१०० हा आहे. ही भीक आहे असे कोणी मानू नये. मुंबईवरील हल्ल्यातील अजमल कसाब याची फाशी कायम करताना, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पहिल्यांदा पुढे आणलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाचा हक्क सांगणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जो हक्क कसाबलाही होता, तो आपल्या मुलासाठी मागण्यात लाज कसली?

काही हक्क मागितले तरच मिळतात. साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप वा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. पण अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले, की तो हक्क संपला. घरात दिनदर्शिका असते. न्यायदंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली त्या तारखेवर खूण करून ठेवा.

आणि शिक्षा झाली म्हणजे सर्व संपले असेही नाही. याच पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना खालच्या न्यायालयाने अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा ठोठावली होती. १९२६ साली त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालविले आणि सर्व निर्दोष सुटले. अपिलाची मुदत सत्र न्यायालयाकडे तीस दिवस आणि उच्च न्यायालयाकडे साठ दिवस असते. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत विनामूल्य मिळते. शिक्षा ऐकली त्याच दिवशी, न्यायालयातून बाहेर पडण्यापूर्वी, ती मागून घ्यावी.