इंचभर उंचीचे शिपाई

माझ्या टेबलावर सध्या बारा शिपाई उभे आहेत. उंची जेमतेम इंचभर, अंग धातूचे. इतिहासाच्या प्राध्यापकाने चाळिशी उलटल्यावर बाहुल्या रंगवत बसावे, हे आमच्या घरात सुरुवातीला कोणालाच पटले नाही. मलाही तो नुसता विरंगुळाच वाटे. पण या शिपायांनी माझाच विषय मला पुन्हा शिकवला, ती हकीकत आज सांगतो.

हे शिपाई सतराव्या शतकाच्या अखेरचे, इंग्लंडच्या राजघराण्याच्या भांडणातले. १६८५ साली दुसरा जेम्स गादीवर आला. १६८८ साली ऑरेंजचा विल्यम हॉलंडहून फौज घेऊन उतरला. हा जेम्सचा सख्खा भाचा आणि जावईही. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, तशी यानेही केली होती. पुढे मामाची गादीही घेतली! १ जुलै १६९० रोजी, तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे, आयर्लंडात बॉइन नदीवर दोघे समोरासमोर आले. विल्यमची फौज सुमारे ३६,०००, जेम्सची २५,००० च्या आसपास.

मी काय केले? विल्यमचे सगळे शिपाई निळे रंगवले आणि जेम्सचे तांबडे. कसे छान वेगळे दिसत होते! पुढे वाचता वाचता कळले, की निळा डगला विल्यमच्या डच पहारेकऱ्यांचा खरा. पण त्याच्या इंग्रज पलटणी तांबड्याच, आणि जेम्सच्याही कितीतरी पलटणी तांबड्याच. मग लढाईच्या धुरात माणूस ओळखायचा कसा? विल्यमच्या लोकांनी टोपीत हिरवी डहाळी खोवली होती, जेम्सच्या लोकांनी पांढरा कागद. बस्स, एवढाच फरक.

झाले! रंग खरवडून पुन्हा आरंभ. आधी पातळ अस्तर, त्यावर तांबडा. तोही भडक नव्हे. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवीत, त्याला विटकरी झाक असे. चुण्यांत गडद रंग सोडायचा, कडांवर फिकट हात फिरवायचा, आणि शेवटी भिंग डोळ्यांशी धरून, श्वास रोखून, टोपीवर एक ठिपका. हिरवा किंवा पांढरा.

माझी धाकटी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, ठिपका द्यायच्या आधी हा कोणाच्या बाजूचा होता?"

वर्गात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला कर्क या सेनापतीची पलटण आठवली. ती १६६१ साली टँजिअरच्या रक्षणासाठी उभारलेली. टँजिअर म्हणजे आपल्या मुंबईबरोबर पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मिळालेले ठाणे. १६८५ साली सेजमूरच्या लढाईत ही पलटण जेम्ससाठी लढली. १६८९ साली तीच, त्याच सेनापतीच्या हाताखाली, लंडनडेरीचा वेढा उठवायला विल्यमच्या बाजूने गेली. डगला तोच, माणसेही बरीचशी तीच असतील. बदलला तो धनी.

आणि सेजमूरला समोर कोण होते? मॉनमथच्या झेंड्याखाली जमलेले विणकर, शेतमजूर, कारागीर. काहींच्या हातांत लांब दांड्याला ठोकलेली गवत कापायची पाती. त्यांना गणवेश नव्हताच. पुढे न्यायाधीश जेफ्रीजच्या फेरीत त्यांतल्या तीनशेंच्या आसपास लोकांना फाशी झाली, आठशेंहून अधिक वेस्ट इंडीजला मजुरीसाठी धाडले गेले. पलटणींच्या डगल्यांच्या नोंदी सापडतात. या माणसांच्या सदऱ्याचा रंग कोण लिहून ठेवणार? ते रंगवताना मी करडा, मातकट, विटलेला तपकिरी असे रंग घेतो आणि कोणतेही दोघे सारखे होऊ देत नाही. माझ्या हाती तेवढाच खरेपणा उरतो.

लोक विचारतात, इंचभर बाहुलीसाठी एवढा खटाटोप कशाला? माझे उत्तर साधे आहे. चुकीचा रंग दिला, की दोन बाजू आपोआप वेगळ्या, स्वच्छ दिसू लागतात आणि लढाई समजल्यासारखी वाटते. बरोबर रंग दिला, की समोरासमोर एकसारखीच माणसे उभी राहतात.

बाराव्या शिपायाच्या टोपीवर मी अजून ठिपका दिलेला नाही. धाकटी म्हणते, तो तसाच राहू दे.