आधी कोण आलं होतं?
(मेळाव्यातील भाषण, थोडे कमी करून)



कोरोनात आपल्याबद्दल एकच ऐकलं : आदिवासी अडाणी, लस आली की जंगलात पळतात. त्यावर आफ्रिकेतल्या गिनी देशाचं सांगतो.

तिथेही जंगलपट्टी आहे, लोकांचे देव राईत आहेत. 1960 च्या सुमारास सरकारने ‘अंधश्रद्धा घालवतो’ म्हणून त्यांचे देवाचे मुखवटे काढून नेले, जाळले. सरकार गोऱ्यांचं नव्हतं बरं का, देश तेव्हा स्वतंत्र झालेला होता.

2013 च्या डिसेंबरात याच पट्टीतल्या मेलियांडू गावात एक लहान मूल गेलं. इबोलाची साथ तिथून सुरू झाली. हा रोग मयताला हात लावला तरी होतो, आणि तिथे मयताला घरचेच आंघोळ घालतात. मग पांढऱ्या पोशाखातली पथकं आली. तोंड दिसत नाही, बोली कळत नाही. प्रेत पिशवीत घालून न्यायचे, कुठे पुरलं ते पुष्कळदा सांगायचे नाहीत. फवारणी झाली तर लोक म्हणाले, रोग यानेच येतो. सप्टेंबर 2014 मध्ये वोमे गावात माहिती द्यायला गेलेली 8 माणसं मारली गेली. त्यात आरोग्यवाले होते, पत्रकार होते. फार वाईट झालं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण नुसतं ‘अडाणी’ म्हणून ते समजत नाही.

त्या वर्षाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने मयतीची पद्धत बदलली. आधी घरच्यांशी बोला, लांबून बघू द्या, प्रार्थना करू द्या, खड्डा त्यांना खणू द्या. गावचे जाणते पथकासोबत फिरू लागले. मयत लपवणं कमी होत गेलं. तोवर फार उशीर झाला होता. तीन देशांत मिळून 11,000 च्या वर माणसं गेली.

आता आपलं. वनहक्क कायदा 2006 चा, पण दाव्याची पोच मागितली की साहेब जेवायला गेलेले असतात. पाड्यावर जीप येते ती उभं पीक मोडायला. 2021 ला तशाच जीपमधून लसीची पेटी उतरली. म्हातारी पळणार नाही तर काय करणार? जिथे पाड्यातलीच आशाताई आदल्या दिवशी घरोघर गेली, ‘टोचल्यावर ताप येईल, ही गोळी ठेवा’ म्हणाली, तिथे लोक बसले की रांगेत!

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या. पथकाने आधी कळवावं, बोली जाणणारा सोबत आणावा, वनखात्याची गाडी आणू नये. आणि आपणही म्हाताऱ्यांची, गरोदर बायांची यादी तयार ठेवायची. ती आत्ताच करा, पुढची साथ सांगून येणार नाही. ठराव पाड्यावर वाचा, बायांना पुढे बसवून वाचा; सह्या-अंगठे पुढच्या बैठकीत आणा.