काळा वेळू

आज मी आपल्यापुढें बोलावयास बसलों आहें तो हातांत एक काठी घेऊन. ध्वनिक्षेपकांतून ती आपणांस दिसणार नाहीं, म्हणून तिचें वर्णन करतों. लांबी तीन फूट, जाडी पायाच्या अंगठ्याएवढी, अंगावर ठिकठिकाणीं पेरें, आणि रंग जुन्या शिसवी कपाटासारखा काळाभोर. फिरावयास निघालों म्हणजे वाटेंत कोणी ना कोणी विचारतोच, "गुरुजी, काठीला रंग कोठें दिला?" रंग कोणीही दिलेला नाहीं. तो त्या वेळूच्या सालीचाच आहे. परंतु तो जन्मतः त्याच्या अंगावर नव्हता. एवढी एक गोष्ट मला वेळेवर ठाऊक असती, तर एका भल्या माणसाचें मन माझ्या हातून दुखावलें नसतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. तेव्हां माझें आजचें बोलणें हें चुकून शहाण्या झालेल्या माणसाचें बोलणें समजून ऐकावें.

प्रथम त्याचें कुळ पाहूं. वेळू हा वृक्ष नव्हे, तें एक गवत आहे. गहूं, ऊंस आणि हरळी यांचा तो भाऊबंद. आपल्याकडील कळक, माणगा, मानवेल या त्याच्याच जाती. त्यांचीं बेटें आपण पाहतों: एका गड्ड्याभोंवतीं सगळे वेळू दाटीनें उभे असतात. काळा वेळू या चालीचा नव्हे. जमिनीखालीं त्याचें खोड हरळीसारखें आडवें धावत जातें आणि वाटेंत जागोजागीं कोंब वर सोडतें.

त्याचें मूळ स्थान चीन. तेथें त्याला 'जांभळा वेळू' अशा अर्थाचें नांव आहे. बीजिंग शहरांतील एक मोठें उद्यान याच नांवानें ओळखलें जातें. आणि करुणेची देवता क्वान्यिन् हिचें स्थान पूतो बेटावरील जांभळ्या वेळूंच्या बनांत आहे, अशी तेथील बौद्धांची श्रद्धा आहे. जपानांतही तो फार काळापासून लावला जातो. तेथें त्याला 'कुरोचिकु', म्हणजे सरळच काळा वेळू, म्हणतात.

आतां त्याची वाढ पाहा. वसंत ऋतूंत कोंब जमिनीबाहेर डोकें काढतो. त्याची जाडी त्याच क्षणीं ठरलेली असते. पुढें तो जाड होत नाहीं. दोनएक महिन्यांत तो आपली पूर्ण उंची गांठतो. चांगल्या जागीं ती २५ ते ३० फूट भरते. त्यानंतर जन्मभर तो एक बोटही वाढत नाहीं. पेराशीं बहुधा दोन फांद्या फुटतात आणि फांद्यांच्या बाजूला कांड्यावर उभी पन्हळ उमटते. ही त्याच्या घराण्याची खूण. या वेळीं तो हिरवागार असतो. मग पुढील महिन्यांत सालीवर तपकिरी-जांभळे ठिपके दिसूं लागतात, ते पसरतात, एकमेकांत मिसळतात, आणि दोन-तीन वर्षांनीं सबंध वेळू काळा होतो. ऊन पुरेसें मिळालें तर रंग चांगला भरतो. दाट सावलींत तो रेंगाळतो. आंतलें लाकूड मात्र फिकटच राहतें.

बळाचेंही तसेंच. पहिल्या वर्षाचा वेळू पाणीदार आणि कोंवळा. तो तोडला तर वाळतांना सुरकुततो. तीन-चार वर्षें उभा राहिला म्हणजे तो कामास येतो. म्हणूनच जाणते लोक कोंब आला त्या वर्षाची खूण कांड्यावर करून ठेवतात. सारांश, उंची एका हंगामांत येते. रंग आणि बळ यांना वर्षें लागतात.

हें ज्ञान मला कसें झालें तें सांगतों. माझे जांवई नोकरीनिमित्त अल्मोड्यास होते. मुलीच्या परसांत लावावयास तेथील एका रोपवाटिकेंतून मीं 'काळा वेळू' म्हणून एक रोप पैसे मोजून आणलें. पुढच्या उन्हाळ्यांत जाऊन पाहतों, तों चार नवे वेळू उभे, आणि चारही पोपटासारखे हिरवे! माझा मास्तरी स्वभाव उसळला. मीं रोपवाटिकेच्या मालकांस एक खरमरीत पत्र लिहिलें. त्यांत 'फसवणूक' हा शब्द दोनदां घातला होता. आठ दिवसांनीं तेथील म्हातारा माळी स्वतः घरीं आला. वेळूंकडे पाहून तो एवढेंच बोलला, "मास्टरजी, दोन पावसाळे थांबा." मी थांबलों; पण विश्वासानें नव्हे, पुरावा हातीं यावा म्हणून. तिसऱ्या वर्षीं मुलीचा दूरध्वनी आला: "बाबा, तुमचा वेळू काळा झाला."

मी अल्मोड्यास गेलों तो प्रथम रोपवाटिकेंत. माळी तेथें नव्हता. काम सोडून तो आपल्या गांवीं गेला होता, आणि तें गांव कोणतें हें कोणालाच नीट सांगतां येईना. जातां जातां हेंही समजलें कीं माझ्या पत्रापायीं त्याला मालकांचीं बोलणीं खावीं लागलीं होतीं. त्यानें मात्र त्या दिवशीं मला त्यांतलें अक्षरही सांगितलें नव्हतें.

घाईनें निवाडा करणारा मी एकटाच नव्हे, हें पुढें वाचनांत आलें. युरोपांत हा वेळू १८२७ च्या सुमारास पोंचला. बागांतून लोकांनीं प्रथम काळा वेळू पाहिला, म्हणून त्या जातीलाच लॅटिन भाषेंतील 'नायग्रा', म्हणजे काळी, हें नांव मिळालें. मागाहून उमगलें कीं रानांतला मूळ वेळू आयुष्यभर हिरवाच असतो आणि काळा हा त्याचाच जपलेला प्रकार आहे. परंतु नांव आधीं पडलें होतें. त्यामुळें शास्त्राच्या पुस्तकांत काळा मुलगा घराण्याचा धनी, आणि हिरवा बाप त्याचा उपप्रकार! 'फायलोस्टॅकिस नायग्रा' हें आजचें नांव १८६८ सालीं विल्यम मन्रो यांनीं आपल्या वेळूंवरील ग्रंथांत दिलें. हे गृहस्थ इंग्रजी लष्करांतले अधिकारी. १८४३ सालीं महाराजपूर येथें शिंद्यांच्या फौजेशीं झालेल्या लढाईंत ते जखमी झाले होते. तलवारीचा माणूस गवताच्या अभ्यासांत इतका रमला, याचें मला मोठें कौतुक वाटतें.

ज्यांना हा वेळू लावावयाची हौस असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. हा थंड हवेचा प्राणी आहे. शून्याखालीं पंधरा अंशांची थंडी तो सोसतो; आपल्या पठारावरील वैशाखाचा कोरडा, तापलेला वारा त्याला मानवत नाहीं. जमीन ओलसर हवी, पण पाणी तुंबणारी नको. गळलेलीं पानें झाडून टाकूं नयेत. तेंच त्याचें खत. आणि शेजाऱ्याशीं सख्य टिकवावयाचें असेल तर सभोंवार दोन फूट खोल पक्का बांध घालावा, नाहींतर तो मोठ्या कुंडींतच ठेवावा. धावतें खोड कुंपण मानीत नाहीं. उष्ण, दमट प्रदेशांत जावा बेटावरील काळा वेळू अधिक बरा. तो निराळ्या जातीचा. आपल्या कळकाप्रमाणें बेट करून एका जागीं राहतो. तोही हिरवा जन्मतो आणि वयानें काळा होतो. त्याच्या कांड्यांपासून तेथील लोक 'अंगक्लुंग' नांवाचें खुळखुळणारें वाद्य करतात.

चिनी काळ्या वेळूचे उपयोग पुष्कळ. काठ्या, छत्रीच्या मुठी, नाजुक खुर्च्या-मेजें, चित्रांच्या चौकटी. चीनमध्यें 'श्याव' नांवाची उभी बासरीही त्याची करतात. कारागीर तोडलेला वेळू विस्तवावर शेकतो, सालीवर सुटलेलें तेल फडक्यानें पुसतो आणि गरम असतांनाच त्याचा बांक काढतो. मग जी झळाळी येते ती रोगणानें येत नाहीं. त्याचे कोंवळे कोंब शिजवून खातात. त्याच्या हिरव्या भावाची वरची साल काढून आंतील कीस चिनी वैद्य औषधांत घालतात.

तो हिरवा भाऊ फुलतो सुमारें १२० वर्षांनीं एकदां. जपानांत तो १९०८ च्या सुमारास फुलला होता. २०२० सालीं हिरोशिमा येथें त्याचें एक बन फुललें, आणि अभ्यासकांना त्यांत पिकलेलें बीं सांपडलें नाहीं. पुढचें काय होतें तें पाहावयास त्यांनाही थांबावेंच लागेल.

तीस-पस्तीस वर्षें मीं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. त्यांतले कितीएक पहिल्याच सहामाहीचे होते, आणि तांबड्या शाईचे होते. ते आतां पुसतां येत नाहींत. माळ्याला लिहिलेलें पत्रही परत घेतां येत नाहीं. त्या परसांतला एक वेळू चौथ्या वर्षीं मुलीनें तोडून मला दिला. तीच ही काठी. वाटेंत कोणी तिच्या रंगाविषयीं विचारलें, म्हणजे मी त्या माळ्याची हकीकत सांगतों आणि त्याचेंच वाक्य म्हणून दाखवतों: दोन पावसाळे थांबा. त्याच्या कानीं हें पडण्याचा संभव थोडा. तरी चूक चार माणसांदेखत कबूल करावी, असें मीच वर्गांत शिकवीत असें. तें आज आपणां सर्वांसमक्ष केलें.